शीव, बांध आणि हद्द

जळगांवाहून सुरतेकडे जाणारी गाडी नंदुरबार मागें टाकून पुढें निघाली, कीं कांहीं वेळानें नवापूर नांवाचें स्टेशन लागतें. स्टेशन लहान, गाड्या तेथें फार वेळ थांबत नाहींत, आणि रुळांच्या दोहों बाजूंस मुद्दाम पाहावें असें दृश्यही नाहीं. तथापि या स्टेशनाचें नांव अलीकडे पुष्कळांच्या कानांवर आलें आहे, कारण महाराष्ट्र आणि गुजराथ या दोन राज्यांची हद्द त्याच्या फलाटावरूनच गेली आहे. फलाटावर एक बांकडें आहे. त्याच्या अर्ध्या भागावर महाराष्ट्र आणि अर्ध्या भागावर गुजराथ असें लिहिलेलें आहे. तिकीट महाराष्ट्रांत मिळतें, स्टेशनमास्तर गुजराथेंत बसतात. गाडीची वर्दी मराठी, गुजराथी, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत दिली जाते. सुमारें आठशें मीटर लांबीच्या या स्टेशनाचा मोठा हिस्सा तापी जिल्ह्यांत मोडतो आणि लहान हिस्सा नंदुरबार जिल्ह्यांत. तापीकांठचा हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला. रेघ १ मे १९६० रोजीं आली. म्हणजे स्टेशन रेघेवर बांधलें नाहीं; रेघच स्टेशनावर येऊन पडली.

गेल्या हिंवाळ्यांत एका लग्नानिमित्त आम्ही सहकुटुंब सुरतेस निघालों असतां सिग्नल न मिळाल्यामुळें गाडी येथें जरा रेंगाळली. बरोबरची धाकटी पुतणी खालीं उतरून त्या बांकड्याच्या अगदीं मध्यावर जाऊन बसली आणि तिनें विचारलें, "काका, मी आत्ता कुठली?" आम्हीं उत्तर दिलें, "जळगांवची." मुलगी हंसली, पण तिचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नाहीं. वर्गांत विद्यार्थ्यांचे प्रश्न टाळण्याची जी संवय तीस वर्षांच्या अध्यापनानें जडते, तिचाच तो प्रताप होता.

त्या बांकड्याविषयीं थोडा विचार केला तर गंमत वाटते, आणि आणखी थोडा केला तर गंमत ओसरते. गुजराथेंत राज्याच्या जन्मापासून दारूबंदी आहे. महाराष्ट्रांत परवाना असणारास दारू बाळगतां येते. तेव्हां पिशवींत बाटली आणि खिशांत परवाना असलेला एखादा गृहस्थ बांकड्याच्या या टोंकास बसला असतां निर्दोष, आणि सांवलीसाठीं सरकत सरकत त्या टोंकास गेला कीं अपराधी! माणूस तोच, बाटली तीच, हेतूही तोच. मग अपराध कोठून आला? न्याय नदीच्या किंवा पर्वताच्या एका अंगास एक आणि दुसऱ्या अंगास दुसरा असावा, या गोष्टीचा पास्काल या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानें सतराव्या शतकांतच उपहास केला होता. आणि त्याला तर हें बांकडें ठाऊकही नव्हतें.

यावर आमचे कायदेपंडित मित्र सांगतात, कीं कांहीं कृत्यें स्वभावतःच वाईट असतात आणि कांहीं केवळ निषिद्ध असल्यामुळें वाईट ठरतात. पहिल्या जातीचीं कृत्यें रेघेच्या दोन्ही बाजूंस वाईटच राहतात, दुसऱ्या जातीचीं मात्र बदलतात. हा भेद आम्हांस मान्य आहे. बांकड्याच्या कोणत्याही टोंकावर शेजाऱ्याचें पाकीट मारणें ही चोरीच होय. परंतु खरी अडचण त्यापुढची आहे. रेघ आपले नियम बदलते तेथपर्यंत तक्रार नाहीं; पण रेघेपाशीं आपली आस्थाही येऊन थांबते, त्याचें काय? शिवेअलीकडे विहिरींत बुडालेलें मूल आणि शिवेपलीकडे बुडालेलें मूल यांच्या बातमीनें आपल्या मनास सारखीच वेदना होत नाहीं, हें कोणीही प्रामाणिक मनुष्य कबूल करील. तेव्हां शिवेपलीकडच्या माणसाचें आपण कांहीं देणें लागतों कीं नाहीं, आणि लागत असलों तर तें किती, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो सोडविण्याची प्रौढी आम्ही मिरवीत नाहीं.

खानदेशच्या माणसास हा प्रश्न पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. आमच्या प्रांताइतक्या हद्दी बदललेला मुलूख महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. खानदेशाच्या फारुकी राजांची पहिली राजधानी थाळनेर, आणि मागाहूनची बऱ्हाणपूर. अकबरानें १६०१ सालीं अशीरगड घेतला आणि तें राज्य बुडालें. आज थाळनेर धुळें जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यांतील एक गांव आहे आणि बऱ्हाणपूर मध्यप्रदेशांत, २००३ पासून स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण म्हणून, नांदत आहे. राजधानी एका राज्यांत आणि देश दुसऱ्या राज्यांत, अशी ही अवस्था! पुढें ६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोर येथें झालेल्या तहानें होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांकडे गेला. १९०६ सालीं राज्यकारभाराच्या सोयीसाठीं एका खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९६० नंतर तीं नांवेंही जाऊन जळगांव व धुळें हीं नांवें राहिलीं. आणि १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळें निघालें. मध्यंतरीं, द्विभाषिक मुंबई राज्य मोडलें त्या वेळीं, नवापूर, नंदुरबार, तळोदें आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील दीडशेंहून अधिक गांवें गुजराथेकडे गेलीं. खानदेशचा कलेक्टर ज्या डांगाचा एके काळीं पोलिटिकल एजंट म्हणून कारभार पाही, तो डांगही तिकडेच गेला.

आतां कल्पना करा, कीं १९०० सालीं कुकरमुंड्यास एक मूल जन्मलें. तें खानदेशांत जन्मलें, सहाव्या वर्षीं पश्चिम खानदेशांत गेलें, साठाव्या वर्षीं सुरत जिल्ह्यांत गेलें. आणि २००७ सालीं त्याचे नातू-पणतू तापी जिल्ह्याचे रहिवासी झाले. या सर्व प्रवासांत घराचा उंबरठा कोणीं ओलांडला नाहीं. माणूस देशांतरास जातो हें आपण ऐकतों. येथें देशच माणसाखालून निघून गेला.

आमचे आजोबा पाचोऱ्याकडील एका आप्तांच्या घरचा एक अनुभव सांगत. त्या बाजूस अजिंठ्याचे डोंगर म्हणजे निजामाच्या राज्याची सुरुवात. जगप्रसिद्ध लेणीं पाहावयास येणारे प्रवासी उतरत जळगांवास किंवा पाचोऱ्यास, इंग्रजी मुलखांत; आणि घाटाच्या पायथ्याचें फर्दापूर मात्र निजामाचें. तेथें हाली सिक्का चाले, करोडगिरीचा नाका असे, आणि कापडाची एक घडी नेणारास देखील गांठोडें सोडून दाखवावें लागे. ज्याची सोयरीक डोंगरापलीकडे, त्याला लेकीच्या माहेरपणासाठीं दुसऱ्या राज्याची वाट धरावी लागे. १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य लयास गेलें, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि जी रेघ ओलांडतांना गांठोडीं सोडावीं लागत ती आज दोन जिल्ह्यांमधली एक पाटी होऊन राहिली आहे. मोटारींतला प्रवासी त्या पाटीकडे मान वळवूनही पाहात नाहीं.

याहून विलक्षण हकीकत मिठाच्या कुंपणाची आहे. मिठावरील जकात चुकूं नये म्हणून इंग्रजी अंमलांत उत्तरेकडून मध्यप्रांतापर्यंत, अगदीं आमच्या उंबरठ्याशीं म्हणजे बऱ्हाणपूरच्या बाजूपर्यंत, जकातीची एक अजस्र रेषा आंखलेली होती. आणि तिच्या पुष्कळशा भागावर बाभळ, बोर, करवंद, निवडुंग यांसारख्या कांटेरी झाडांचें जिवंत कुंपण वाढविलेलें होतें. पहाऱ्यास सुमारें बारा हजार माणसें होतीं. कांहीं वर्षें या खात्याचे वरिष्ठ अधिकारी असलेले ॲलन ह्यूम हेच पुढें १८८५ सालीं काँग्रेसच्या स्थापनेंत अग्रेसर झाले, हाही एक चमत्कारच. १८७९ सालीं ही रेषा सोडून देण्यांत आली. शंभर-सव्वाशें वर्षांनीं रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकानें तिचा शोध चालविला, तेव्हां जुने नकाशे हातीं असूनही त्याला ती सांपडेना. अखेर इटावा जिल्ह्यांत एक अवशेष दिसला. मुठभर मिठासाठीं ज्या कुंपणापाशीं गरिबांनीं मार खाल्ला असेल, त्याची स्मृतिही मागें राहिली नाहीं. आमच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या वर्गांत आम्हीं एकदां विचारून पाहिलें. एकाही विद्यार्थ्यानें या कुंपणाचें नांव ऐकलें नव्हतें.

भाषेची गोष्टही अशीच. घरांत अहिराणी बोलणारा मनुष्य मराठी कीं गुजराथी, हा वाद विद्वानांनीं पुष्कळ केला. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषाविषयक पाहणींत मराठीचा खंड निराळा निघाला, आणि खानदेशीला मात्र १९०७ च्या नवव्या खंडांत भिल्ली बोलींच्या शेजारीं बसविण्यांत आलें. बोलणाऱ्यांना याची दादही नव्हती. भाषा पाण्यासारखी उतारानें झिरपते. तिला रेघ लागते ती नकाशा रंगविणाऱ्यास.

येथवर वाचून कोणी म्हणेल, कीं मग हद्दी ह्या सगळ्या खोट्या; आणि आमच्या तरुण विद्यार्थ्यांत तसें म्हणण्याची थोडी फॅशनही आहे. परंतु बेळगांव-खानापूरकडील एखाद्या मराठी कुटुंबापुढें बसून हें वाक्य उच्चारून पाहावें! १९५६ सालीं तो मुलूख म्हैसूर राज्यांत गेला. १९६६ सालीं महाजन आयोग नेमला गेला, दुसऱ्या वर्षीं त्याचा अहवाल आला. २००४ सालीं महाराष्ट्रानें सर्वोच्च न्यायालयांत दावा लावला. या साऱ्या तारखांच्या मधून तीन पिढ्यांचें आयुष्य निघून गेलें आहे. शाळेची भाषा, कचेरींतील कागदाची भाषा, दुकानावरील पाटीची भाषा यांसाठीं जो मनुष्य रोज झगडतो, त्याला रेघ खोटी आहे हें सांगणें म्हणजे उपाशी माणसाला अन्न ही माया आहे असें सांगण्यापैकींच होय. रेघेच्या सोयीच्या बाजूस बसलेल्यांनाच रेघ कल्पित वाटते. रॅडक्लिफसाहेबांनीं पूर्वीं कधीं न पाहिलेल्या देशांत १९४७ च्या जुलैंत येऊन पांच आठवड्यांत जी रेषा ओढली, ती कागदावर पेन्सिलीनें ओढलेली होती. तिच्यावर वाहिलेलें रक्त कांहीं कल्पित नव्हतें.

कांहीं ठिकाणीं मात्र लोकांनीं रेघेलाच मूर्ख बनविलें आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यांत महाराजगुडा म्हणून गांव आहे. तेथील एका घराच्या कांहीं खोल्या महाराष्ट्रांत आणि कांहीं तेलंगणांत आहेत. घरपट्टी दोहोंकडे भरतात आणि सवलतीही दोहोंकडून घेतात, असें २०२२ च्या अखेरीस वृत्तपत्रांतून सर्वांनीं वाचलें. आम्हांस त्या घरच्या मंडळींचा मुळींच राग आला नाहीं. दोन सरकारांनीं एका चुलीवर हक्क सांगावा, आणि चूल पेटविणारानें दोघांकडूनही काटक्या घेऊं नयेत, हा कोठला न्याय?

नर्मदेवर मात्र हंसण्यासारखें कांहीं नाहीं. नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा म्हणजे नर्मदा. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील भिल्ल, पावरा लोकांचे सोयरेधायरे तीन राज्यांत पसरलेले. त्यांच्या दृष्टीनें नदी ही हद्द नव्हती, होडीनें ओलांडण्याची वाट होती. धरण गुजराथेंत झालें आणि पाणी तीनही राज्यांत चढलें. मणिबेलीसारखीं गांवें बुडालीं. भिंतीची उंची १३८.६८ मीटर झाली आणि २०१७ च्या सप्टेंबरांत धरणाचें लोकार्पण झालें. ज्या रेघेचा नदीच्या मध्यावर कांहीं अर्थ होता, ती आतां एका अफाट जलाशयाच्या तळाशीं आहे. पण तळाशीं गेल्यानें ती नाहींशी झाली नाहीं. बुडालेल्यांस मोबदला काय मिळावा, वयांत आलेल्या मुलास वेगळें कुटुंब मानावें कीं नाहीं, जमीन द्यावी तर किती, याचे नियम तीन राज्यांत सारखे नव्हते. एकाच पाण्यानें बुडालेल्या दोन मावसभावांचें नशीब, त्यांच्या झोंपड्या पात्राच्या कोणत्या तीरावर होत्या यावरून ठरलें. बांकड्यावरील दारूचा प्रश्न येथें उलट होऊन उभा राहतो. तेथें अपराध रेघेवरून ठरला, येथें न्याय रेघेवरून ठरला. आणि या वेळीं आमच्यापैकीं कोणास त्यांत गंमत वाटली नाहीं. विजेचे दिवे मात्र आम्ही लाविले.

आपल्या जुन्या लोकांना शिवेचें गांभीर्य चांगलें कळत होतें. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमाविवादाचें प्रकरण आहे. शिवेवर वड, पिंपळ, पळस, सांवरी अशीं झाडें लावावींत, तळीं-विहिरी कराव्यात, देवळें बांधावींत, असें सांगून स्मृतिकार थांबत नाहीं. माणसांचा मोह त्याला ठाऊक आहे. म्हणून तो जमिनीखालीं गुप्त खुणा पुरावयास सांगतो: दगड, हाडें, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू. वरचें झाड तोडतां येईल, पण पुरलेला कोळसा कोणाच्या लक्षांत येणार नाहीं. आणि साक्षीदारांनीं तांबड्या माळा व तांबडीं वस्त्रें घालून, डोक्यावर माती घेऊन शीव दाखवावी. मराठेशाहींतही डोक्यावर माती घेऊन शीव चालण्याचें दिव्य होतें, आणि गोतसभेपुढें त्याचे महजर होत. खोटें चाललास तर ज्या मातीची लालूच तुला सुटली तीच तुझ्या डोक्यावर आहे, हा त्यांतील अभिप्राय उघड आहे. गांवाच्या शिवेवर मारुति किंवा म्हसोबा बसविण्याचें कारणही, आमच्या मतें, याहून फार निराळें नसावें.

आमच्या भाषेंतही ही जाण मुरलेली आहे. 'मर्यादा' या एकाच शब्दानें आपण गांवची शीवही दाखवितों आणि कुलीन माणसाचें शीलही. म्हणजे सीमेचा पहिला अर्थ दुसऱ्यानें आंत येऊं नये हा नसून आपण बाहेर जाऊं नये हा होता. लक्ष्मणरेषेची कथा सर्वतोमुखीं आहे. वाल्मीकीच्या मूळ रामायणांत ती नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें, आणि असलें तरी त्या रेषेचें वजन कमी होत नाहीं. तथापि तींतही रेषा ओढणारा एक आणि तिच्या आंत राहावें लागणारा दुसरा, ही खोंच आहेच. खानदेशच्या शेतकऱ्यालाही ती कळली होती. १८५२ सालीं सरकारी मोजणी सुरू झाली तेव्हां सावदा, एरंडोल या भागांत लोकांनीं दंगा केला. साखळी घेऊन येणारा मनुष्य सारा वाढवून जाणार, अशी त्यांची धास्ती. आणि त्याच शेतकऱ्यांचे पणतू आज मोजणीच्या दगडासाठीं सख्ख्या भावाविरुद्ध कोर्टांत जातात.

हें आम्ही दुरून पाहिलेलें सांगत नाहीं. अमळनेर तालुक्यांत, बोरी नदीच्या बाजूस, आमच्या घरची थोडी शेती आहे. १९७१ सालीं आमचे वडील आणि थोरले काका यांची वाटणी झाली व मध्यें एक बांध पडला. वडील शिक्षक, शेत सालदाराच्या हातीं. काका स्वतः कसणारे. पुढें पंधरा-वीस वर्षांनीं वडिलांच्या मनानें घेतलें, कीं थोरला भाऊ बांध कोरतो आहे, दरसाल तास-दोन तास आपल्याकडे ढकलतो आहे. बोलणें बंद झालें. २००४ सालीं काका वारले. वडील स्मशानांत गेले नाहींत, दहाव्यासही गेले नाहींत. आम्ही त्या वेळीं पस्तिशीच्या घरांत होतों, नीतिशास्त्र शिकवीत होतों, आणि वडिलांची समजूत घालण्याऐवजीं आम्हीं त्यांचाच पक्ष धरला. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्यानें स्वाभिमान सोडूं नये, अशा अर्थाचें कांहींतरी आम्ही त्या वेळीं बोललोंही होतों.

वडील २०१९ सालीं गेले. त्यांच्या मागें त्यांचें म्हणणें खरें ठरवावें म्हणून आम्हींच पैसे भरून मोजणी मागितली. तारीख दोनदां पुढें गेली. अखेर २०२२ च्या उन्हाळ्यांत मोजणीदार आले. पूर्वींची फळी आणि तेहतीस फुटांची साखळी आतां नाहीं. एका काठीवर बसविलेलें, उपग्रहांशीं बोलणारें यंत्र आहे. तें घेऊन ते बांधावरून हिंडले, जुन्या नकाशाशीं मेळ घातला आणि त्यांनीं खुणा रोंवल्या. खुणा आमच्या शेतांत पडल्या. आम्हीं पुन्हा पाहावयास सांगितलें. त्यांनीं पुन्हा पाहिलें. क-प्रत हातीं आली तेव्हां शंकेस जागा उरली नाहीं. दहा साखळ्या लांब आणि साखळीचे चार आणे रुंद, म्हणजे बरोबर अडीच गुंठे जमीन थोरल्या काकांची होती, आणि ती तीस वर्षें आम्ही कसत होतों. बांध सरकला होता खरा. पण सरकविणारा नांगर आमचा होता. सालदारानें तें धन्याच्या संतोषासाठीं केलें, कीं बैलांच्या संवयीनें तें आपोआप झालें, हें आतां कळण्याजोगें नाहीं.

गांवांतील वकील मित्रानें ऐकून घेतलें आणि मोकळेपणानें सल्ला दिला. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें बारा वर्षें उघड व प्रतिकूल कब्जा असला तर मूळ मालकाचा दावा चालत नाहीं. तुमचीं तर तीस झालीं. जमीन आतां तुमचीच समजा. आम्ही घरीं आलों आणि त्या रात्रीं, खोटें कां सांगा, तासभर आम्हीं त्या सल्ल्याचा विचार केला. राष्ट्रांच्या हद्दी बहुतेक अशाच पिकलेल्या आहेत, हें तोपर्यंत आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल! कब्जा जुना झाला कीं हक्क होतो. कागदावरची रेघ एक होती, जमिनीवरची दुसरी, कायद्याची तिसरी; आणि तीनही रेघा एकमेकींस सोडून चाललेल्या.

सकाळीं क-प्रत घेऊन आम्ही चुलतभावाच्या घरीं गेलों. अठरा वर्षांत त्या ओट्यावर आमचें पाऊल पडलें नव्हतें. त्यांनीं कागद पाहिला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "राहू दे भो, तुनं काय नि मनं काय!" आम्हांस हायसें वाटलें, तोंच आंतल्या दारांतून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तीस वरीसनं पीक कोठे गयं?"

भाऊ त्यांच्यावर रागावले. आम्हीं त्यांस थांबविलें, कारण त्या ओट्यावर तेवढा एकच प्रश्न योग्य होता. जमीन परत केली म्हणजे झालें, असें आम्ही मनांत धरून चाललों होतों. हिशेब फार अवघड नव्हता. अडीच गुंठे म्हणजे एकराचा सोळावा हिस्सा. त्यांत वर्षाला सरासरी तीस किलो कापूस धरला तर तीस वर्षांचा नऊ क्विंटल होतो. त्या सालच्या भावानें त्याची रक्कम काढून आठ दिवसांनीं आम्ही घेऊन गेलों. भावांनीं हात लावला नाहीं. वहिनींनीं पदराला हात पुसून नोटा घेतल्या आणि आमच्यासमोर बसून, एक एक करून मोजल्या. त्यांत आम्हांस अपमान वाटला नाहीं, असें लिहिलें तर तें खोटें होईल. परंतु मोजणी आम्हींच मागितलेली होती.

मोजून झाल्यावर त्यांनीं नोटा आंत नेऊन ठेवल्या, चहा आणला, आणि बसल्या बसल्या दहाव्याची हकीकत सांगितली. पिंड मांडल्यावर कावळा येईना. माणसें दोन तास उन्हांत बसून राहिलीं. शेतीचें नांव घेतलें, नातवांचें घेतलें, गाईचें घेतलें. कावळे झाडावर बसून होते, खालीं उतरेनात. अखेर थोरल्या काकूंनीं मुलाला पुढें केलें आणि त्यानें मोठ्यानें सांगितलें, कीं धाकट्या काकांशीं मी वैर ठेवणार नाहीं. मग कावळा शिवला.

आम्ही कावळ्यावर विश्वास ठेवणारे नाहीं, आणि तसें म्हणण्यासाठीं आमचें तोंडही उघडलें होतें. चहा हातांतच निवून गेला.